टॉवेलाचे गाव आणि कलावंताचे गाव

'अष्टपैलू' हा शब्द आपल्या टीकालेखनात फार स्वस्त झाला आहे. एखादा नट गाऊ लागला, किंवा एखादी गायिका नाटकात उभी राहिली, की हे विशेषण बहाल करून आपण मोकळे होतो आणि आपण मोठा गौरव केला असे मानतो. परंतु त्याच शब्दाच्या आडून त्या कलावंताची पायरीही आपण ठरवीत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही एका व्याख्यानास गेलो होतो. वक्ते विद्वान होते. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्यांनी जे सांगितले ते आपल्यापैकी पुष्कळांच्या मनातलेच होते. ते म्हणाले, "जो गातो, नाचतो, हसवतो आणि रडवतो, तो लोकांची करमणूक करतो. कलेचा खरा उपासक एकाच देवाची पूजा बांधतो." सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

त्या टाळ्यांचा पश्चात्ताप आम्हांला पुढे दोन महिन्यांनी सोलापुरात झाला. एका आप्ताच्या कामासाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीत जाण्याचा प्रसंग आला. जुन्या गिरण्यांचे सोलापूर आता बव्हंशी इतिहासजमा झाले आहे. आजचे कापडाचे सोलापूर पाहावयाचे तर या वसाहतीतल्या लहानमोठ्या कारखान्यांत जावे लागते. आम्ही गेलो तो कारखाना टॉवेलांचा होता. यंत्रमागांचा खडखडाट असा, की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे. दुपारच्या सुट्टीस माग थांबले, आणि टॉवेलांच्या कडा शिवणाऱ्या व घड्या घालणाऱ्या बायका भिंतीशी डबे उघडून बसल्या. त्यांच्यातली एक, घरी तेलुगू बोलणारी, तिशीतली बाई 'कट्यार काळजात घुसली'मधली एक चाल गुणगुणत होती. ती नुसती गुणगुणत नव्हती. जिथे हरकत घ्यावयाची तिथे ती नेमकी घेत होती. हे कुठे शिकलात, असे आम्ही विचारले. "मोबाईलवर ऐकून ऐकून आलं. सिनेमातलं आहे ते." "मूळ नाटक आहे, आणि त्या नाटकातली पहिली झरीना तुमच्या सोलापूरचीच होती, हे ठाऊक आहे का?" बाई क्षणभर थांबली, मग हसून म्हणाली, "आम्हाला कोण सांगतंय, साहेब?"

कारखान्याच्या मालकांचे चिरंजीव सुशिक्षित होते. सुताचा नंबर, रंगाचा पक्केपणा, कोणत्या देशात कोणत्या मापाचा टॉवेल खपतो, ही सर्व माहिती त्यांच्या जिभेवर होती. झरीनेचे गाव त्यांनाही ठाऊक नव्हते. दोष त्यांचा नव्हे. ज्यांनी सांगावयाचे ते आपण वाचणारे, लिहिणारे, व्याख्यानांना जाणारे लोक. आपण सांगितले नाही, कारण हे सांगण्याजोगे आहे असे आपल्याला वाटले नाही. हाच आमच्या या लेखाचा विषय आहे.

सोलापूरने मराठी रंगभूमीला आणि हिंदी पडद्याला ज्या दोन कलावती दिल्या, त्यांची कहाणी थोडक्यात सांगतो. पहिल्या शशिकला. जवळकर घराण्यातल्या या मुलीचा जन्म सोलापूरचा. पडद्यावर येण्यापूर्वी, वयाची दहा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हापासून, ती सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या रंगमंचांवर नाचत, गात आणि नाटकांत कामे करीत होती. वडिलांचा व्यापार बुडाला, कुटुंब मुंबईस आले, आणि पोटासाठी या मुलीने स्टुडिओंचे उंबरठे झिजविले. नूरजहाँ यांच्या ओळखीने १९४५ च्या 'झीनत' या चित्रपटातील कव्वालीत तिला जागा मिळाली. तेथून पुढे सहा दशके हे काम चालले. १९५९ च्या 'सुजाता'मध्ये अस्पृश्य मुलीला सख्ख्या बहिणीची माया देणारी रमा त्यांनी उभी केली. १९६२ च्या 'आरती'मध्ये घर पोखरणारी जाऊ त्यांचीच, आणि १९६३ च्या 'गुमराह'मध्ये विवाहितेला धमकावून जेरीस आणणारी बाईही त्यांचीच. या दोन्ही कामांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. १९६६ च्या 'अनुपमा'मध्ये त्याच शशिकला खळखळून हसणाऱ्या मैत्रिणीच्या रूपाने आल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि ४ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या फैय्याज. याही सोलापूरच्याच, आणि मुंबईस जाण्यापूर्वी रंगभूमीची हौस यांनाही सोलापुरातच लागली. १९६७ च्या अखेरीस नाट्यसंपदेने पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत प्रत्यक्ष वसंतराव देशपांडे. त्या खाँसाहेबांची मुलगी झरीना हे काम फैय्याज यांच्याकडे होते. वसंतरावांच्या गळ्यासमोर उभे राहून आपले गाणे टिकविणे म्हणजे काय, हे ज्यांनी त्यांची मैफल ऐकली आहे त्यांना सांगावयास नको. १९७० मध्ये झाशीच्या राणीवरील शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकात त्या गायल्या. १९७७ च्या 'आलाप' या हृषीकेश मुखर्जींच्या हिंदी चित्रपटात जयदेव यांनी त्यांचा आवाज घेतला. नाट्यगीत, लावणी, ठुमरी, गझल हे सारे एका गळ्यात नांदले, आणि त्या गळ्याबरोबर अभिनयही चालला. २०१५ साली बेळगाव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

आता आमचा प्रश्न असा, की या दोघींविषयी आपण काय लक्षात ठेवले? शशिकला म्हणजे खलनायिका, आणि फैय्याज म्हणजे झरीना. एका शब्दात एक आयुष्य गुंडाळून आपण फळीवर ठेवून दिले. 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एका रात्रीत पाच वेष पालटीत, तेव्हा आपण तोंडात बोट घालीत होतो, आणि ते योग्यच होते. परंतु एखादी स्त्री एका आयुष्यात पंचवीस वेष पालटते तेव्हा तिचा एकच वेष आपण खरा मानतो, आणि बहुधा तो तिच्या मनाविरुद्ध तिला चिकटवितो. पडद्यावरच्या कपटी जावेचा राग प्रेक्षकांनी प्रत्यक्ष बाईवर काढावा, आणि शिकलेल्या घरांनीही तिला 'ती वाईट बाई' म्हणून ओळखावे, यात प्रेक्षकांच्या भोळेपणापेक्षा आपल्या रसिकतेची इयत्ता अधिक दिसते.

विद्वान वक्त्यांचा मुख्य आक्षेप हा, की अनेक कामे करणारा कोणत्याच कामात खोल जात नाही. हा आक्षेप ज्यांनी काम जवळून पाहिलेले नाही त्यांचा आहे. संगीत नाटकातील नटी काय करते ते पाहा. तिने पदाच्या आधीचे वाक्य अशा स्वरात टाकावयाचे, की पदाची उचल कृत्रिम वाटू नये. गाताना ऑर्गन आणि तबला यांच्याकडे कान, समोरच्या पात्राकडे डोळे, आणि शेवटच्या रांगेकडे आवाज. 'वन्स मोअर' आला तर तेच पद पुन्हा गावयाचे, पण नव्याने सुचल्यासारखे. आणि ते संपताच ज्या दुःखात ती उभी होती त्या दुःखात विनासायास परत यावयाचे. मध्ये दम खाण्यास जागा नाही. गायन आणि अभिनय ही तिची दोन कामे नव्हेत. त्यांचा सांधा न दिसू देणे हेच तिचे काम आहे, आणि तो सांधा नुसत्या गवयाला किंवा नुसत्या नटाला साधत नाही.

चित्रपटाने तर हे दोन भाग निरनिराळे विकले. पडद्यावर शशिकलांचा चेहरा आणि गळा दुसऱ्या कोणाचा, तर 'आलाप'मध्ये फैय्याज यांचा गळा आणि चेहरा दुसऱ्या कोणाचा. तुकड्यातुकड्यांनी काम घेणाऱ्या या धंद्यात ज्यांनी आपला कस राखला, त्यांना उथळ म्हणण्याचा अधिकार खुर्चीत बसून टाळ्या वाजविणाऱ्यांना कोठून आला? शिवाय अष्टपैलुत्व ही नेहमी हौसच असते असेही नाही. ज्या मुलीच्या वडिलांचे दुकान बुडाले, ती 'मी एकाच देवाची पूजा बांधीन' असे कसे म्हणेल? आज कव्वालीला जागा आहे, कव्वाली कर. उद्या नाच आहे, नाच कर. परवा खलनायिका हवी आहे, ती हो. गरजेने शिकावे लागले म्हणून ते शिकणे हलके ठरत नाही. ज्याला घरचे पुरे आहे त्याची एकनिष्ठा आणि ज्याला चूल पेटवावयाची आहे त्याची एकनिष्ठा एका तराजूत तोलू नये, एवढेच आमचे म्हणणे.

या ठिकाणी आम्ही वाचकांना दुसऱ्या एका गिरणगावात नेऊ इच्छितो. इंग्लंडात, पूर्वीच्या लँकेशर परगण्यातले, रॉचडेल नावाचे गाव आहे. कापसाच्या गिरण्यांचे गाव. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, त्या काळी तिकडच्या गिरण्या साऱ्या जगाला कापड पुरवीत होत्या. त्या गावी १८९८ साली, आजीच्या तळलेल्या माशांच्या दुकानावरील खोलीत, ग्रेस स्टॅन्सफील्ड ही मुलगी जन्मली. लहान वयात तिला अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी असे करावे लागले. पुढे ग्रेसी फील्ड्स या नावाने ती रंगमंचावर आली. ती विनोदी पदे म्हणे, लगेच गंभीर गीत गाई, नकला करी, नाचे, आणि आपल्या गावंढळ समजल्या जाणाऱ्या बोलीची लाज तिने कधी बाळगली नाही. १९३१ पासून ती पडद्यावर आली. १९३४ चा तिचा 'सिंग ॲज वी गो' हा चित्रपट जे. बी. प्रीस्टली या नामांकित लेखकाने लिहिला. त्यात गिरणी बंद पडते, कामगार रस्त्यावर येतात, आणि एक गिरणीकामगारीण गात गात दुसरीकडे पोट भरावयास निघते. मंदीच्या त्या वर्षांत ही गोष्ट इंग्लंडातल्या कित्येक घरांची होती. प्रीस्टलीसारख्या लेखकाला करमणूक करणाऱ्या बाईसाठी कथा लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, हे आमच्या विद्वानांनी ध्यानात घ्यावे.

रॉचडेलने काय केले? १९३७ साली गावाने तिला आपल्या नगराचा सर्वोच्च मान दिला. महायुद्धात, तिचा पती मूळचा इटालियन म्हणून, ती त्याच्यासह अमेरिकेकडे गेली तेव्हा इंग्लंडातल्या वृत्तपत्रांनी तिच्यावर झोड उठविली. पुढे ती काप्री बेटावर राहिली आणि १९७९ साली तेथेच वारली. म्हणजे गाव सोडून गेलेली, मधल्या काळात लोकनिंदेस पात्र झालेली अशी ही बाई. तरीही १९७८ साली रॉचडेलला तिच्या नावाचे नाट्यगृह उघडले, आणि २०१६ साली नगरभवनासमोर तिचा पुतळा उभा राहिला. रॉचडेलच्या गिरण्या गेल्या. पण गिरणीतून निघालेला एक आवाज आपला होता, हे त्या गावाने लिहून ठेवले.

इंग्रजांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्याच इंग्रजांनी १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार पुत्रांना फासावर चढविले. त्या हुतात्म्यांच्या स्मृतीचे मंदिर सोलापुरात आहे, आणि ते नाट्यगृह आहे ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. स्मरण कसे करावे हे सोलापूरला ठाऊक नाही असे कोण म्हणेल? डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच वारले. ते परत आले नाहीत म्हणून सोलापूरने त्यांना परके मानले नाही. त्यांच्या घराचे स्मारक झाले. तेव्हा 'त्या दोघी तर मुंबईच्या झाल्या, आता त्यांच्यावर सोलापूरचा काय हक्क?' असा जो दुसरा आक्षेप आमच्या कानी आला, त्याचे उत्तर सोलापूरनेच देऊन ठेवले आहे. हुतात्मा आणि सेवाव्रती डॉक्टर यांच्या पंक्तीला नटी बसवावी असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाची पंक्त वेगळी असते. परंतु नटीला पंक्तच नाही, ती अंगणातच जेवून जावी, हे आम्हांला मान्य नाही.

कोणी म्हणेल, पद्मश्री मिळाली, संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, आणखी काय पाहिजे? शाल, श्रीफळ आणि भाषणे यांचा आम्ही अनादर करीत नाही. पण मान दिल्लीने दिला, नाट्यपरिषदेने दिला. घराने द्यावयाची वस्तू निराळी असते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. याचा अर्थ असा, की भलत्याच गावी विणलेल्या टॉवेलाला सोलापूरचे नाव लावता येत नाही; त्या धाग्यामागचे गाव कायद्याने राखले आहे. ही उत्तम गोष्ट आहे, आणि विणकरांच्या कष्टांचा तो रास्त मोबदला आहे. परंतु ज्या गावाने आपल्या टॉवेलाचे नाव इतक्या दक्षतेने राखले, त्या गावातल्या टॉवेल शिवणाऱ्या बाईला आपल्या ओठांवरच्या गाण्याचे गाव ठाऊक नसावे, ही विसंगती कोणाला बोचू नये काय?

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो शेवटी घेतो. आमचे एक स्नेही म्हणाले, "अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी टॉवेलाच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. तेथे बाहेर पडावयास वाट हवी, पाणी हवे, पुरी मजुरी हवी. तुम्ही तेथे झरीनेची गोष्ट सांगत बसणार?" या प्रश्नाने आम्ही काही वेळ निरुत्तर झालो. आधी जीव, मग भाकर, मग गाणे, हा क्रम आम्हांलाही मान्य आहे. आणि जीव राखण्याच्या कामात गाण्याचे निमित्त सांगून कोणी चालढकल करील तर आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू. पण याच क्रमाचा आधार घेऊन गाणे कायमचे पुढे ढकलण्यात येते, हेही आम्ही पाहत आलो आहो. कामगाराला भाकरीपुरते माणूस समजणारा मनुष्य त्याच्या जिवाचीही फारशी फिकीर करीत नाही, असाच अनुभव आहे.

महायुद्धात, डोक्यावर बाँब पडत असता, इंग्लंडात १९४१ साली कारखान्यांच्या उपाहारगृहांतून जेवणाच्या सुट्टीत गाण्याविनोदाचे कार्यक्रम करून ते रेडिओवरून साऱ्या देशास ऐकविण्यास आरंभ झाला. 'वर्कर्स प्लेटाइम' हे त्याचे नाव. युद्ध संपले तरी तो उपक्रम १९६४ पर्यंत चालला. युद्धसामग्री वेळेवर निघावी हा त्यामागचा सरकारचा स्वार्थ होता, हे आम्ही जाणतो. तथापि स्वार्थानेही त्यांना एवढे उमगले, की हातांमागे माणूस असतो आणि त्याला अर्ध्या तासाचे हसू लागते. ते हसू देण्यासाठी त्यांनी कोणाला बोलाविले? एकाच देवाची पूजा बांधणाऱ्याला नव्हे, तर गाणाऱ्या, हसविणाऱ्या, नकला करणाऱ्या, हरहुन्नरी माणसांना.

म्हणून आमची मागणी पुतळ्याची नाही. पुतळा उभा केला की आठवण ठेवण्याचे काम आपण कावळ्यांकडे सोपवितो. आमची मागणी लहान आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक छोटा रंगमंच असावा. वर पत्रा असला तरी चालेल. पंधरवड्यातून एकदा, दुपारच्या सुट्टीस जोडून अर्धा तास, पगारी वेळेत, तेथे कामगारांनीच गावे, नकला कराव्यात, प्रवेश करून दाखवावेत. त्या वसाहतीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या चारही भाषा कानावर पडतात. चारही भाषांतली गाणी होऊ द्यावीत. कारखानदारांनी त्या अर्ध्या तासाचा हिशेब मागू नये. आणि रंगमंचाच्या भिंतीवर दोन नावे मोठ्या अक्षरांत लिहावीत, त्यांखाली एवढेच असावे, की या दोघी या गावच्या.

आणि आपण, या मासिकाचे वाचक आणि लेखक, आपणही एक करावे. 'करमणूक' हा शब्द उच्चारताना ओठाचा कोपरा जो किंचित वाकडा होतो, तो सरळ करावा. दिवसभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला घटकाभर त्याचे दुःख विसरावयास लावणे, आणि त्याच घटकेत त्याला दुसऱ्याचे दुःख कळू देणे, हे काम ज्यांना साधते त्यांना उणे लेखण्याइतके श्रीमंत आपण नाही. आम्ही त्या व्याख्यानात वाजविलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत. पुन्हा सोलापुरास जाण्याचा योग येईल तेव्हा त्या बाईकडे जाऊन, फैय्याज कोण आणि शशिकला कोण, हे तिला सविस्तर सांगावे असा आमचा निश्चय आहे. तिने विचारलेल्या प्रश्नाचे, निदान आमच्यापुरते, तेवढे उत्तर द्यावयास आम्ही बांधलेले आहो.